शेवटची गाडी

रुतणे ही क्रिया मराठी माणसाला मुळीच परकी नाही. आषाढात त्याची बैलगाडी रुतते, श्रावणात एस.टी. रुतते, लग्नसराईत वऱ्हाडाचा ट्रक रुततो आणि या सगळ्यांतून सहीसलामत सुटलेला माणूस शेवटी घराच्या कर्जात रुततो. आपल्याकडे रुतण्याचं एक शास्त्रच ठरून गेलेलं आहे. गाडी रुतली की पाच मिनिटांत, कुठून येतात देव जाणे, पण आठ-दहा माणसं जमतात. त्यांतली दोन ढकलतात, दोन चाकाखाली दगड घालतात आणि उरलेली, "मी असतो तर या अंगानं घातलीच नसती," असं एकमेकांना सांगतात. गाडी निघाली की ढकलणारे घाम पुसतात आणि सांगणारे, "बघा, निघाली की नाही?" म्हणून विडी पेटवतात.

पण पहाटे उठून, डबा भरून, स्वतःच्या पैशांचं पेट्रोल जाळून, मुद्दाम रुतायला जाणारी माणसं या भूतलावर आहेत. इतकंच नव्हे, तर त्यांचे क्लब आहेत. त्या क्लबांना अध्यक्ष आहेत, खजिनदार आहेत, वार्षिक वर्गणी आहे आणि वार्षिक भांडणंही आहेत. यांना म्हणतात फोर-व्हील-ड्राइव्ह क्लब. चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्या घ्यायच्या, आणि जिथे चारही चाकं निकामी ठरतील अशी जागा शोधून काढायची, हा यांचा रविवारचा उद्योग. आमचा कॅलिफोर्नियातला भाचा अशाच एका क्लबाचा सभासद आहे. त्याच्याबरोबर मी सिएरा नेवाडाच्या बर्फात एक दिवस काढला. ती हकीकत मी सांगणारच आहे. पण आधी कथा, मग प्रसाद. सत्यनारायणाला जो नियम, तोच याला.

तर साधुवाण्याऐवजी इथे आहे एक डोंगर. सिएरा नेवाडा या स्पॅनिश नावाचा अर्थ बर्फाळ करवत. पॅसिफिकवरून येणारे ढग या करवतीवर चिरले जातात आणि मग तिथे बर्फ पडतो, तो इंचांनी नव्हे, फुटांनी. हा बर्फ सिनेमातल्यासारखा भुरभुरीत नसतो. ओला आणि जड. तिथले लोक त्याला 'सिएराचं सिमेंट' म्हणतात. आपल्याकडच्या काही सिमेंटांसारखं ते नाही; ते खरोखरच धरतं.

या करवतीवरून पहिल्या गाड्या गेल्या १८४४ साली. गाड्या म्हणजे बैलगाड्या, वर ताडपत्रीचा घुमट असलेल्या. पूर्वेकडून जमिनीच्या आशेनं निघालेल्या माणसांचा हा तांडा नोव्हेंबरात खिंडीखाली पोचला तेव्हा बर्फ पडायला लागला होता आणि वाटेत एक उभा कडा आडवा आला. (कडा उभा असूनही आडवा येतो, हे मराठीतच शक्य आहे.) त्यांनी गाड्या रिकाम्या केल्या, बैल सोडले, एका फटीतून बैल एकेक करून वर नेले आणि वरून साखळदंड सोडून रिकाम्या गाड्या वर ओढून घेतल्या. आजच्या जीपच्या नाकावर विंच नावाचं जे पोलादी दोरीचं रिळ असतं, त्याचे हे खापरपणजोबा. फरक एवढाच की ते गवत खायचे.

दोन वर्षांनी, १८४६ साली, त्याच वाटेनं एक दुसरा तांडा आला. त्याचं नाव डॉनर पार्टी. पार्टी या शब्दाचा इतका उदास उपयोग इंग्रजीत दुसरा नसेल. एकूण सत्याऐंशी माणसं, त्यांत निम्म्याच्या आसपास मुलं. या मंडळींचं सगळं नीट चाललं होतं. पण लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या एका गृहस्थानं पुस्तकात एक जवळचा रस्ता सुचवला होता. आता जवळचा रस्ता ही काय चीज आहे हे पुण्याच्या पेठांतून गेलेल्या माणसाला सांगायला नको. हेस्टिंग्जसाहेब पुस्तक लिहून मोकळे झाले तेव्हा त्या रस्त्यानं स्वतः गाडी घेऊन गेलेच नव्हते. डॉनर मंडळी गेली. झाडं तोडून वाट केली, मिठाचं वाळवंट तुडवलं, बैल गमावले, आणि जवळच्या रस्त्यानं आठवडेच्या आठवडे उशिरा पोचली.

वाटेत एका रेताड चढणीवर, जिथे गाड्यांना बैलांच्या दुप्पट जोड्या लावून एकेक गाडी वर काढत होते, तिथे बैलांची गुंतागुंत झाली आणि कुणाची गाडी आधी यावरून भांडण पेटलं. चाबकाच्या मुठीनं डोकं फुटलं, सुरा निघाला आणि एक माणूस मेला. मारणारा होता जेम्स रीड, तांड्यातला एक श्रीमंत गृहस्थ. तांड्यानं त्याला बायकामुलांपासून तोडून हाकलून दिलं. तो पुढे गेला आणि डोंगर ओलांडून कॅलिफोर्नियात पोचला. आपल्याकडे घाटात "आधी माझी गाडी" म्हणून दोन ड्रायव्हर बाह्या सारतात तेव्हा मला नेहमी या रीडची आठवण होते. मी दोघांनाही ती सांगत नाही, कारण माझी हाडं आता जुनी झाली.

मागे राहिलेले लोक ऑक्टोबर संपताना खिंडीखालच्या तळ्याशी आले आणि आभाळ कोसळलं. खिंड फार तर सात हजार फुटांची. स्वच्छ दिवस असता तर ती मंडळी पलीकडे गेली असती. बर्फ पडत राहिला, बैल मेले आणि लाकडाच्या झोपड्या पार गाडल्या गेल्या. आज तिथे एक स्मारक आहे. त्याचा नुसता चौथराच बावीस फूट उंच आहे. त्या हिवाळ्यात बर्फ तितका चढला होता म्हणून. आधी बैल खाल्ले, मग कातडी उकळून खाल्ली, आणि त्यानंतर काय झालं ते मी विनोदी लेखात लिहीत नाही. जेवढी माणसं होती त्यांतली जेमतेम निम्मी वसंत ऋतू पाहू शकली.

त्यांना वाचवायला पलीकडून एकामागून एक चार तुकड्या आल्या. दुसऱ्या तुकडीचा पुढारी कोण होता म्हणता? ज्याला हाकललं होतं तोच जेम्स रीड. तो सतराजणांना घेऊन निघाला आणि वाटेत वादळात सापडला. त्यातली बरीचशी माणसं, मुख्यतः मुलं, बर्फातच मागे ठेवावी लागली. मार्च १८४७ मध्ये तिसरी तुकडी तिथे पोचली तेव्हा बर्फात वितळून झालेल्या खड्ड्याच्या तळाशी, विस्तवाभोवती, अकरा जीव जिवंत होते. चालण्याचं त्राण बहुतेकांत नव्हतं. एकेक मूल उचलून न्यावं, बाकीच्यांना ठेवून द्यावं, असा व्यवहारी विचार निघाला. दोघांनी एकेक मूल उचललंही. उरली नऊ. जॉन स्टार्क नावाचा एक धिप्पाड माणूस म्हणाला, मी यांना सोडून जाणार नाही. मग त्यानं काय केलं? दोन पोरं उचलायची, थोडं पुढे नेऊन ठेवायची, मागे यायचं, आणखी दोन उचलायची, पुन्हा पुढे. म्हणजे इतरांनी डोंगर एकदा उतरला, तर यानं चार-चार वेळा. आणि पोरं घाबरू नयेत म्हणून हा बाबा म्हणे त्यांना सांगायचा, "तुम्ही इतकी हलकी झालाहात की पाठीवर जागा असती तर सगळ्यांना एकदम नेलं असतं." नऊच्या नऊ जिवंत खाली आले. स्टार्कचं नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

यानंतर या डोंगरातून टपाल नेण्याचा प्रश्न आला. १८५६ पासून वीस वर्षं हे काम थॉम्प्सन नावाच्या एका नॉर्वेजियन शेतकऱ्यानं केलं. पायाला दहा फुटी लाकडी फळ्या बांधून, पाठीवर टपालाची थैली टाकून तो प्लॅसरव्हिलहून जिनोआपर्यंत नव्वद मैल बर्फावरून घसरत जायचा. जायला तीन दिवस, यायला दोन. सरकारनं त्याच्या पगाराचं काय केलं? जे कुठलंही सरकार करतं ते. कागद फिरत राहिले. शेवटी बिचारा स्वतः वॉशिंग्टनला दाद मागायला निघाला, तर त्याची रेल्वेच वाटेत बर्फात अडकली. तेव्हा हा गडी गाडीतून उतरला आणि पुढची मजल चालत गेला, असं सांगतात. वॉशिंग्टनला पोचूनही पैसे मिळाले नाहीत. बर्फ वितळतो, कचेरीतला कागद वितळत नाही.

रेल्वे या डोंगरातून गेली ती हजारो चिनी मजुरांच्या जिवावर. १८६६-६७ च्या हिवाळ्यात ते बर्फाखाली भुयारं खणून त्यांत राहत आणि तिथूनच खडकातल्या बोगद्यावर कामाला जात. बर्फाचे कडे कोसळून कित्येक गेले. एवढं करून गाडी सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण १३ जानेवारी १९५२ ला 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही दिमाखदार आगगाडी याच डोंगरात बर्फात रुतली. आत दोनशे सव्वीस माणसं. तीन दिवस! आमच्या मनमाडला गाडी तीन तास थांबली तर डब्यात तीन पक्ष स्थापन होतात. इथे तीन दिवस. उष्णता गेली, दिवे गेले. शेवटी जवळचा मोटाररस्ता साफ करून मोटारींनी माणसं खाली आणली. आगगाडीला मोटार सोडवायला आली, हे मोटारीच्या चरित्रातलं एक सोनेरी पान.

आता मोटारीकडे वळू. साधी मोटार रुतते का, तर तिच्यात डिफरन्शियल नावाचं एक सज्जन यंत्र असतं म्हणून. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, तेव्हा ज्या चाकाला सोपं जाईल त्याला फिरू द्यावं, असा त्याचा उदार स्वभाव. रस्त्यावर हे ठीक. पण एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरणं फारच सोपं होतं. मग ते एकटंच गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं धडधाकट चाक स्वस्थ बसून राहतं. कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही हे यंत्र समजायला अडचण पडू नये. फक्त तिथे उलट असतं: जो घट्ट उभा आहे त्यालाच गरगर फिरवतात.

यावर उपाय म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणं. पण पुढची चाकं वळतात. वळणाऱ्या चाकाला फिरवायचं कसं? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाच्या छोट्या गावी ऑटो झाखाव नावाचा एक लोहारकाम-यंत्रकाम करणारा माणूस होता. त्याची मोटार एकदा खड्ड्यात गेली आणि उलटा गिअर टाकल्यावरच बाहेर आली, तेव्हा त्याच्या डोक्यात हा प्रकाश पडला असं म्हणतात. त्यानं आणि त्याच्या मेहुण्यानं, विल्यम बेसरडिकनं, आपले मेकॅनिक ज्याला 'क्रॉस' म्हणतात तसा एक सांधा तयार केला आणि १९०८ साली त्याचं पेटंट घेतलं. मग त्यांची मोटार निघाली. तिचं नाव 'बॅटलशिप', म्हणजे युद्धनौका. जावईमेहुण्यांच्या भागीदारीतून युद्धच निघायचं, इथे निदान नौका तरी निघाली. त्यांच्या कारखान्याचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवत गेले आणि शांततेच्या काळात रस्त्यावरचा बर्फ नांगरायला लागले.

मग आलं दुसरं महायुद्ध. ११ जुलै १९४० ला अमेरिकन सैन्यानं एकशे पस्तीस कारखान्यांना पत्र धाडलं: चारही चाकं चालणारी छोटी गाडी हवी, वजन १,३०० पौंड, नमुना एकोणपन्नास दिवसांत. एकशे पस्तिसांतल्या एकशे तेहेतीस कारखान्यांनी शहाणपणा करून टेंडरच भरलं नाही. एकोणपन्नास दिवसांचं वचन दिलं ते एकट्या बॅंटम नावाच्या मरणपंथाला लागलेल्या कंपनीनं. तिच्याकडे इंजिनियरसुद्धा उरला नव्हता. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या माणसाला बाहेरून बोलावलं. त्यानं दोन दिवसांत आराखडा काढला. २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास असताना, गाडी सैन्याच्या फाटकातून आत शिरली. १,३०० पौंडांत ती बसणं शक्यच नव्हतं, पण गाडी इतकी पळाली की सैन्यानं वजनाचा आकडाच वाढवला.

आणि बक्षीस काय? सैन्यानं बॅंटमचे आराखडे विलिज आणि फोर्ड या बड्या कंपन्यांना दाखवले. विलिजचा इंजिनियर बार्नी रूस यानं इंजिन दणकट दिलं, पण गाडी भारी झाली. मर्यादा आता २,१६० पौंड. मग त्यानं पठ्ठ्यानं गाडी सुटी केली, लांब वाटणारे बोल्ट कापले, रंगाचे हात कमी केले, आणि काटा मर्यादेच्या सात औंस खाली आणला. म्हणजे गाडीवर धूळ बसली असती तर कंत्राट गेलं असतं! युद्ध संपेपर्यंत विलिज आणि फोर्डनं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. बॅंटमला काम मिळालं ते जीपच्या मागे लावायचे ट्रेलर बनवायचं. ज्यानं घोडा जन्माला घातला त्याला शेपटाचं कंत्राट.

आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी १९४७ पासून या विलिज जीप जोडायला घेतल्या आणि ती युद्धातली गाडी थेट आपल्या तालुक्यात आली. गावात जीप आली म्हणजे वसुली, नाहीतर कुटुंबनियोजन, नाहीतर निवडणूक. तिन्ही प्रसंगी लोक उसात पळत. पुढे वडापवाल्यांनी तिला खरा न्याय दिला. युद्धखात्याला जिच्यात कशीबशी चार माणसं बसतील असं वाटलं होतं, तिच्या लांबुडक्या बहिणीत आमच्या सातारा-कोल्हापूरकडच्या ड्रायव्हरांनी एकोणीस बसवली आणि स्वतः एका पायानं आत राहून गाडी चालवली. फोर-व्हीलचा दांडा मात्र आपल्याकडे कुलदैवतासारखा. एरवी कुणी हात लावायचा नाही. पार रुतल्यावर आठवण.

अमेरिकेत जीपचं वेगळंच झालं. सिएरा नेवाडात, डॉनर खिंडीच्या थोडं दक्षिणेला, जॉर्जटाउन नावाचं सोन्याच्या लाटेत वसलेलं आणि ती ओसरल्यावर पेंगुळलेलं गाव आहे. तिथून ताहो तळ्याकडे रुबिकॉन ट्रेल नावाची दगडधोंड्यांची जुनी वाट जाते. गावात चार पैसे यावेत म्हणून मार्क स्मिथ आणि त्याच्या गावकऱ्यांनी १९५३ च्या ऑगस्टमध्ये एक जत्रा भरवली: जीपर्स जांबोरी. पंचावन्न गाड्या, दीडशेवर माणसं, दगडांवरून ठेचकाळत ताहोपर्यंत. आगगाडी अडकून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि त्याच डोंगरात माणसं पैसे भरून अडकायला येऊ लागली! ज्या वाटेवर आजोबा रडले तिथे नातू शिट्टी वाजवत जातो, त्यातलाच हा प्रकार. मग क्लब निघाले. १९५९ साली क्लबांचा महासंघ झाला. उन्हाळ्याचे दगड पुरेनात म्हणून हिवाळ्यात बर्फात जाणं सुरू झालं.

आणि अशा रीतीनं फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आठ वाजता मी त्या डोंगरात डांबरी रस्त्याच्या टोकाशी, दोन स्वेटर, मफलर आणि कानटोपी अशा अवतारात उभा होतो. आठ गाड्या. त्या दिवशीची पुढारी एक शाळामास्तरीण होती. त्यामुळे सगळे तगडे पुरुष रांगेत उभे. तिनं तीन नियम सांगितले. एक, ओढायचा पट्टा हुकालाच लावायचा आणि ओढताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं. दोन, पुढच्या गाडीकडे नव्हे, मागच्या गाडीकडे लक्ष ठेवायचं. आरशात ती दिसेनाशी झाली की थांबायचं. तीन, दुपारी तीन वाजता, जिथे असू तिथून परत.

मग सगळ्यांनी खाली बसून टायरांतली हवा सोडायला सुरुवात केली. बत्तीस चाकांचा एकदम फूत्कार. नागपंचमीला बत्तीस शिराळ्याला आल्यासारखं वाटलं. तीस पौंडांची हवा पाच-सहा पौंडांवर. मला वाटलं, ट्रिप इथेच संपली. भाचा म्हणाला, "मामा, टायर बसका झाला की त्याचा तळवा मोठा होतो. गाडी बर्फात घुसत नाही, वर तरंगते. उंटाच्या पायासारखं." आयुष्यभर पेट्रोलपंपावर "हवा बघ रे" म्हणून ओरडलो, आणि इथे मोक्ष हवा सोडण्यात निघाला.

निघालो. माझ्यासमोर धरायला एक दांडी होती. तिला क्लबात जे नाव आहे ते छापण्याजोगं नाही. आपण तिला 'अगं आई गं दांडी' म्हणू. पहिला मैल गाडी खरंच तरंगली. दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं, फांद्यांवर पांढरं ओझं, आणि शांतता अशी की माझे दात वाजलेले मलाच ऐकू येत होते. मग ऊन चढलं आणि सिमेंट ओलं झालं. तिसरी गाडी रुतली. ती काढायला गेलेली दुसरी रुतली. दोघींना काढून पुढे गेलो तर आमची. "पोट टेकलं," भाचा आनंदानं म्हणाला. म्हणजे चाकांनी बर्फ उकरून टाकला आणि गाडीचा मधला भाग ढिगाऱ्यावर बसला. चाकं फिरताहेत, पण जमिनीशी संबंध नाही. पन्नाशीनंतर मनुष्याचंही हेच होतं.

"मामा, उतरा. आता खरी मजा!" असं म्हणून त्यानं माझ्या हातात फावडं दिलं. मामाला मान द्यायची ही पद्धत आमच्या घराण्यात नव्हती. पण आजूबाजूला पाहतो तो काय, सगळे हसताहेत. कुणी गाडीखाली पालथा पडून उकरतोय, कुणी पट्टा जोडतोय, एक बाई सगळ्यांना सूप वाटतेय. "मी असतो तर या अंगानं घातलीच नसती," असं म्हणणारा एकही नाही. मीच ती उणीव भरून काढायला तोंड उघडलं होतं, पण त्यात कुणीतरी सूप घातलं. पट्टा ताणला गेला, गाडी हुंदका देऊन बाहेर आली, आणि टाळ्या अशा पडल्या की जणू नाटकाचा पहिला अंक संपला.

असे पाच-सहा अंक झाले. मी हिशेब केला: सहा तासांत चार मैल. डॉनर मंडळींचे बैल सपाटीवर तासाला दोन मैल चालत. पावणेदोनशे वर्षांची प्रगती आणि लाखभर डॉलरांची यंत्रसामग्री यांच्या जोरावर आम्ही बैलांच्या तिप्पट सावकाश चाललो होतो.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पुढच्या वळणापलीकडे तळं असल्याची वार्ता आली. अर्धा मैल. तिथेच जायचं म्हणून तर निघालो होतो! मास्तरणीनं घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि सांगितलं, परत. मोठ्या टायरांचा एक तरुण जरा कुरकुरला. ती म्हणाली, तळं कुठे जात नाही, अंधार मात्र येतो. झालं. कुणी वाद घातला नाही. आपल्याकडे देऊळ अर्ध्या मैलावर आल्यावर मागे फिरलेला भक्त मी पाहिलेला नाही. मी आपला पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांना हात जोडून कळसाचं दर्शन घेतलं.

आता सांगायचं ते शेवटच्या गाडीचं. आठव्या गाडीत सत्तरी उलटलेला एक निवृत्त वायरमन होता. क्लबात या शेवटच्या गाडीला 'टेल गनर' म्हणतात. युद्धात बॉम्बफेकी विमानाच्या शेपटात बसणाऱ्या बंदूकवाल्यावरून. हत्यारं, जॅक, जादा पट्टे, घोंगड्या, जादा खाणं, सगळं त्याच्याकडे. कुणीही मागे राहिलं तर ते याच्या पुढेच असणार, याच्या मागे कुणी नाही, ही व्यवस्था. परत फिरताना अरुंद वाटेवर गाड्या जागच्या जागी वळल्या, त्यामुळे शेवटचा पहिला झाला. म्हातारा जरा रुंद जागा येताच बाजूला उभा राहिला, सातही गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि पुन्हा शेवटी लागला.

डांबरीवर पोचून आम्ही टायरांत हवा भरू लागलो. मोजल्या तर गाड्या सात. रेडिओवर म्हाताऱ्याचा आवाज आला, मी एका फाट्यावर आत जातोय, थांबा. तासभर गेला. अंधार पडला. कुणीही घरी जायचं नाव काढलं नाही. उलट दोन गाड्या पुन्हा हवा सोडून त्याच्याकडे गेल्या. नंतर झाडांतून दिव्यांच्या जोड्या हलत आल्या: तीन ऐवजी चार. म्हाताऱ्याच्या मागे पट्ट्याला बांधलेली एक साधी, शहरातली, दोन चाकांच्या ताकदीची मोटार. आत एक तरुण जोडपं आणि मागच्या सीटवर तीन वर्षांची मुलगी. फोनमधल्या नकाशानं त्यांना ताहोला जायचा जवळचा रस्ता दाखवला होता. हेस्टिंग्जसाहेब मेले म्हणून कोण म्हणतं? आमच्या गाड्यांनी बर्फ दाबून दिलेला, त्यामुळे ती मोटार काही अंतर आली आणि मग चुकीच्या फाट्याला लागून रुतली. फोन लागत नव्हता. मुलीच्या अंगावर गावातला पातळ कोट.

"तुम्हाला कळलं कसं?" मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आपल्या रुंद टायरांच्या खुणांवर एक अरुंद खूण दिसली. ती फाट्यावरून आत गेली होती. बाहेर आलेली नव्हती. बस्स, एवढंच. सात गाड्या त्याच खुणांवरून गेल्या होत्या. आम्ही आरशात मागची गाडी पाहत होतो. जमिनीकडे पाहायचं काम ज्याच्या मागे कुणीच नव्हतं त्याचं होतं. त्या पोरीनं भाचेसुनेनं दिलेलं थालीपीठ दोन्ही हातांनी धरून खाल्लं, लसणाच्या चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही, आणि तिची आई मात्र चटणी न खाताच रडत होती.

इतिहासाची एक खोड आहे. तो पहिल्यांची नावं लिहून ठेवतो. खिंड पहिल्यांदा कुणी ओलांडली, गाडी पहिल्यांदा कुणी नेली, पेटंट पहिलं कुणाचं. खिंडीला नाव मिळालं तेही अडकलेल्यांचं. जॉन स्टार्क दोन-दोन पोरं पुढे ठेवून मागे फिरत होता, त्या घटकेला त्या डोंगरावरची शेवटची गाडी तोच होता. त्याचं नाव किती जणांनी ऐकलं असेल? पण बर्फातच काय, कुठेही, चारचौघांनी निघावं आणि चारचौघांनीच घरी यावं यासाठी पुढे दांडगी चाकं चालत नाहीत. मागे एक माणूस लागतो. आपल्याकडे पंगतीत सगळ्यांचं झालं की नाही हे पाहून मग पाटावर बसणारा असतो ना, त्या जातीचा.

घरी जाताना भाच्यानं विचारलं, "मग मामा, पुढल्या ट्रिपला येणार?"

म्हटलं, "येईन. पण मला त्या म्हाताऱ्याच्या गाडीत बसव."

"का? आमच्या गाडीत काय वाईट होतं?"

"वाईट काही नाही रे," मी म्हटलं, "पण घोंगड्या त्याच्याकडे आहेत."